काटोलचा ट्रंक कॉल

गेल्या महिन्यात मी घरी कॉम्प्युटर आणला. त्याला इंटरनेट जोडून द्यायला एक माणूस आला. पन्नाशीचा असेल, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. समोरच्या खोलीत स्टुलावर चढून त्यानं खिडकीच्या चौकटीवरचा रंग पेचकसानं खरवडला. पांढरा गेला, पिस्ता गेला, मायच्या आवडीचा निळा गेला, आणि खालून एक काळी वायर निघाली.

"मॅडम, ही जुन्या फोनची लाईन आहे. यावरच जोडून देतो. नवी कायले ओढता?"

"ती तोडून टाका. नवीच ओढा."

"तांब्याची आहे. आता अशी भेटत नाही."

"तरी तोडा."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांदे उडवून पक्कड काढली. जुन्या चुन्याची भुकटी खाली सांडली, तिचा कोरडा, घशात बसणारा वास खोलीभर पसरला, आणि मला इतक्या वर्षांनंतरही त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाची घंटा ऐकू आली.

माझ्या वयाची माणसं लग्नाकार्यात भेटली की हळवी होतात. काय दिवस होते, म्हणतात. अख्ख्या गल्लीत एक फोन, पण माणसं कशी एका घरची असल्यासारखी! मी ऐकून घेते. असं बोलणारा माणूस नेहमी फोन करायला जाणाऱ्या घरचा असतो. ज्या घरात तो एक फोन होता, त्या घरच्यांना कोणी विचारत नाही. तो आमच्या घरात होता.

तेव्हा प्रताप नगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. मुरुमाचा रस्ता, पावसाळ्यात कमरेएवढं तरोट्याचं रान, उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्याचा ओला वास. माझे मायबाप छप्पन साली दीक्षाभूमीवर बौद्ध झाले होते. बाबा कापडाच्या गिरणीत होते. माय सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर होती. तिच्या पगारावर हा प्लॉट घेतला, हे घर बांधलं. आमच्या समोर घाट्यांचं घर. ते कधीकाळी भोसल्यांच्या राज्यात नागपुरात आलेलं घराणं. घाटेकाका एका कचेरीत हेडक्लार्क. रस्ता इतका अरुंद की त्यांच्या फोडणीला आमच्याकडे ठसका लागायचा. पण ठसक्यापलीकडे काही येत-जात नव्हतं.

मायला कुठल्याही वेळी दवाखान्यातून बोलावणं यायचं. म्हणून वरच्या साहेबांनी पत्र दिलं आणि आम्हाला यादीतले आधीचे नंबर डावलून फोन मिळाला. घाटेकाकांचा अर्ज त्याच्या किती तरी आधीपासून पडून होता. ज्या दिवशी खांबावरून वायर आली आणि याच खिडकीतून आत शिरली, त्या दिवशी घाटेकाकू त्यांच्या फाटकात उभ्या राहून वर बघत होत्या. वायर ओढणारा खाली उतरेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी त्या आमच्या घरात आल्या. पहिल्यांदाच. दारातच चपला काढून, पदर घट्ट लपेटून.

"आमच्या मालूच्या स्थळाचा निरोप यायचाय. मी तुमचा नंबर देऊन ठेवलाय त्यांना," त्या म्हणाल्या.

विचारून झालं नव्हतं, सांगून झालं होतं. माय म्हणाली, "बसा ना ताई. चहा ठेवते."

"नको. आत्ताच झाला."

मग त्यांनी कमरेचा पांढरा रुमाल काढला, रिसीव्हरभोवती गुंडाळला, नंबर फिरवला, आणि कानापासून चार बोटं लांब धरून बोलल्या. बोलणं झाल्यावर रुमालाची आतली बाजू बाहेर येणार नाही अशी घडी केली. रस्ता ओलांडून गेल्या. पाठोपाठ त्यांच्या अंगणातला नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो नळ सुटताना आधी खाकरायचा. मला आजही कुठं नळ खाकरला की तळपायाची आग मस्तकात जाते.

गल्लीतले इतरही यायचे. कोणी बसायचे, कोणी पाणी मागून प्यायचे, आपलं दुखणंखुपणं मायला दाखवायचे. सगळे सारखे नव्हते, हे मला सांगितलंच पाहिजे. पण मनात राहतं ते चांगलं वागणाऱ्यांचं नाही. निदान माझ्या मनात नाही. माझ्या मनात रुमाल राहिला, नळ राहिला, आणि "आत्ताच झाला" हे दोन शब्द राहिले. माय दर वेळी चहा विचारायची. काकूंचा दर वेळी आत्ताच झालेला असायचा.

निरोप्याचं काम माझ्याकडे. घंटा वाजली की रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा, धावत जायचं आणि घाट्यांच्या फाटकाबाहेरून ओरडायचं, "काकू, फोन!" फाटकाच्या आत जायचं नाही, हे मला कोणी सांगितलं ते आठवत नाही. माहीत होतं एवढं खरं. काकू "आले गं" म्हणायच्या आणि माझ्या पुढून, मधे अंतर ठेवून चालायच्या. संध्याकाळी माय स्पिरिटच्या बोळ्यानं रिसीव्हर पुसायची. दिवसभरातला खोबरेल तेलाचा, पावडरीचा, तंबाखूचा वास त्या थंड, नाकात झोंबणाऱ्या वासाखाली मरून जायचा.

एकदा मी म्हटलं, "तू पण पुसतेच ना? मग त्या पुसतात तर काय?"

मायनं बोळा तसाच हातात धरला. "मी जंतू पुसतो वं," ती म्हणाली. "ती आपल्याले पुसते."

मालूताई ही त्या घाटेकाकूंची एकुलती एक मुलगी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. ती यायची तेव्हा रुमाल नसायचा. स्थळाची बोलणी चालू असताना ती स्वतःच बोलायला यायची, रिसीव्हर मानेत धरायची, हसताना वायर बोटाभोवती गुंडाळायची. बोलणं झालं की सरळ आमच्या स्वयंपाकघरात. जमिनीवर पाय पसरून बसायची आणि मायच्या हातची ज्वारीची भाकर आणि झुणका मागून खायची, वर कच्चा कांदा. माझी वेणी घालून द्यायची. तिच्या बोटांना कांद्याचा वास असायचा आणि मला तो आवडायचा. मला ती फार आवडायची.

आणि मग उठताना ती दर वेळी म्हणायची, "आईला नको सांगू हं."

एवढ्या एका वाक्यानं ती भाकर चोरीची होऊन जायची. चोरी तिची, पण लाज आमच्या ताटाला. मी लहान होते, मला हे असं मांडता येत नव्हतं. ती गेली की मी वेणी सोडून केस मोकळे करून टाकायचे.

मालूताईचं लग्न काटोलला झालं. संत्र्याच्या बागा असलेलं घर. वर्षभरात ती बाळंतपणाला आली आणि तिचे दिवस भरले तेव्हा काका-काकूंनी तिला मायच्याच दवाखान्यात नेलं. फार अडलेलं बाळंतपण होतं. माय ड्यूटी संपली तरी घरी आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा वॉर्डाच्या दारात काकू उभ्या होत्या, आणि माय त्यांच्या हातात दुपट्यात गुंडाळलेली मुलगी देत होती. काकू रडत होत्या. त्यांनी मायचे दोन्ही हात धरले होते, बाळासकट. "तुम्ही होतात म्हणून," असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मला वाटलं, संपलं आता. मी घरी येताना जवळजवळ उड्या मारत आले.

आठ दिवसांनी काकू काटोलला फोन लावायला आल्या. माय म्हणाली, "बसा ताई. चहा ठेवते."

"नको. आत्ताच झाला," काकू म्हणाल्या, आणि कमरेचा रुमाल काढला.

त्या गेल्यावर नळ खाकरला. मी मायवर तुटून पडले. "तू काहून येऊ देते तिले घरात? काहून विचारते चहा? लाज नाही वाटत तुले?"

मला वाटलं होतं ती माझी समजूत काढेल. तिनं नाही काढली. खिडकीतून त्या समोरच्या घराकडे पाहत ती अगदी सावकाश म्हणाली, "तिले यावं लागते ना आपल्या दारात. रोज यावं लागते. मी चहा विचारला का तिले नाही म्हणा लागते. रोज म्हणा लागते. तिची जीभ दुखत असंन वं. मले तेवढं पुरे आहे."

माझी माय देवमाणूस होती असं सगळे म्हणायचे. तिला मी त्या दिवशी ओळखलं आणि त्याच दिवशी तिच्यावर माझा खरा जीव जडला. फक्त मायला जे पुरलं ते मला पुरणारं नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी चौदा वर्षांची. रविवार होता. माय ड्यूटीवर, बाबा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेले. मी समोरच्या खोलीत उन्हाच्या पट्ट्यात वही घेऊन बसले होते. खिडकी उघडी होती. फोन लांब लांब वाजला. ट्रंक कॉलची घंटा वेगळी असायची, न थांबणारी.

"काटोलहून ट्रंक कॉल आहे, बोला," एक्स्चेंजमधली बाई म्हणाली.

मग खरखर, आणि तिच्यामागून मालूताई. "कोण, तू आहेस का? आईला बोलाव ना गं. लवकर बोलाव."

तिच्या आवाजात हसू नव्हतं. मागं तिची मुलगी रडत होती. हे मला तेव्हाही कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे.

मी रिसीव्हर टेबलावर ठेवला, खिडकीच्या अगदी खाली. समोर काकू फाटकातच होत्या. तुरीच्या ओल्या शेंगा विकणारा एक म्हातारा टोपली उतरवून बसला होता आणि काकू त्याच्यावर ओरडत होत्या, "काय गा, या शेंगा आहेत का टरफलं? सोल्यांच्या भाजीला दाणे तर हवेत यात!" उन्हात त्यांचं कपाळ चमकत होतं. कमरेला रुमाल होता.

मी दारापर्यंत गेले. उंबऱ्यावर उभी राहिले. हाक मारायला तोंड उघडलं सुद्धा असेल. आणि मला वाटलं, नाही. आज नाही. आज ही बाई आमच्या घरात येणार नाही. मला त्या क्षणी काय वाटलं ते खरं सांगायचं तर आनंद वाटला. थंड पाण्यात पाय सोडल्यासारखा.

मी परत आले. "घरी कोणी नाही," म्हटलं.

पलीकडे मुलगी रडायची थांबली होती. मग मालूताई म्हणाली, "कोणीच नाही?"

"कुलूप आहे."

"बरं," ती म्हणाली. "मग राहू दे." एक्स्चेंजमधली बाई तीन मिनिटं झाल्याचं सांगत होती, तोवर ती गेली होती.

मी कोणालाही काही सांगितलं नाही. काही घडलंही नाही. पुढच्या दिवाळीला मालूताई माहेरी आली ती बारीक झालेली दिसली, पण बारीक तर सगळ्याच होतात. ती आमच्या स्वयंपाकघरात मात्र आली नाही. फाटकातूनच मायशी बोलली. मी खिडकीत होते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मुलीला कडेवर घेऊन आत गेली. पुढं घाट्यांकडे त्यांचा स्वतःचा फोन आला आणि काकूंचं आमच्याकडे येणं बंद झालं. मायनं काही दिवस त्यांच्या वेळेला दाराकडे पाहिलेलं मला आठवतं.

मी बँकेत लागले आणि पहिलीच नेमणूक काटोलला झाली. हंगामात ते गाव संत्र्याच्या सालीसारखा वास मारतं. बाजारात पायाखाली फुटलेली फळं, त्यांवर माश्या, एसटीतून उतरणारे टोपल्यावाले शेतकरी, पेट्यांना खिळे ठोकल्याचा दिवसभर आवाज. पहिल्याच आठवड्यात बाजारात मला कोणीतरी दंडाला धरलं.

"ओळखलं का वं?" मालूताई होती. बोलणं अगदी काटोलचं झालेलं. "चाल घरी."

तिनं मला घरी नेलं. ओसरीवर तिची सासू बसली होती. मालूताईनं तिला माझं नाव सांगितलं, आडनावासकट, खणखणीत आवाजात, आणि मला सरळ स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. सासू बाहेरून काहीतरी बोलली. मालूताईनं ऐकलंच नाही. चहा टाकला. मला दिलेल्या कपाचा दांड्यापाशी टवका उडालेला होता, तसलीच एक कपबशी तिनं स्वतःसाठी घेतली.

मला तो चहा गिळवेना. मी म्हटलं, "ताई, मागं तू एकदा फोन केला होता. रविवारी."

"हो."

"मी खोटं बोलली होती. काकू घरीच होत्या."

ती चुलीपाशी उभी होती, पाठ माझ्याकडे. "माहीत आहे मले," ती म्हणाली. "आईचा आवाज येऊन राहिला होता फोनमधून. शेंगावाल्याशी भांडत होती ती."

मी कपबशी खाली ठेवली. "मग तू बोलली काहून नाही?"

"काय बोलू?" ती वळली. "तू काहून खोटं बोलली, ते बी मले माहीत होतं."

मग तिनं सांगितलं. त्या सकाळी ती मुलीला घेऊन घरातून निघाली होती. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नागपूरची गाडी स्टँडवर उभी होती. पण काकूंनी तिला बजावून ठेवलं होतं, विचारल्याशिवाय यायचं नाही. म्हणून ती तार ऑफिसात गेली, फोन लागेपर्यंत दोन तास बाकावर बसली. तेवढंच विचारायचं होतं तिला, येऊ का? मी कुलूप आहे म्हटल्यावर ती परत या घरी आली. गाडी तिच्या डोळ्यांदेखत गेली.

"आई फोनवर आली असती तरी तिनं ये म्हटलं असतं का नाही, देव जाणे," ती म्हणाली. "पण ते मले तिच्या तोंडून ऐकायचं होतं. तू ऐकू नाही दिलं."

"ताई..."

"चहा पी. आणि एक ऐक. मले समजलं म्हणून मी माफ केलं, असं नको धरू. ते दोन वेगळे आहेत."

मी चहा प्यायले. गार झाला होता.

काटोलला मी तीन वर्षं होते. दर आठवड्याला तिच्याकडे जायचे. ती दर वेळी मला आत बसवायची, खाऊ घालायची, मुलीचा अभ्यास घ्यायला लावायची. मायच्या हातांवर जन्मलेली ती मुलगी माझ्या मांडीवर वही ठेवून पाढे लिहायची. आम्ही सगळ्या जगाबद्दल बोललो. काकू वारल्या तेव्हाही बोललो. मी रडले नाही आणि मालूताईनं मला रडायला सांगितलं नाही. त्या रविवाराबद्दल मात्र पुन्हा अवाक्षर नाही.

बदली झाली तेव्हा ती मला स्टँडवर सोडायला आली. गाडी सुरू झाली होती. मी खिडकीतून म्हटलं, "फोन करत जाईन."

"फोन नको करू," ती म्हणाली. "पत्र लिही."

"पत्रात पण खोटं बोलता येते ताई," मी म्हटलं. कसं कोण जाणे, तोंडातून गेलंच.

"येते ना," ती गाडीसोबत चालत म्हणाली. "पण लिहायले वेळ लागते."

त्या दिवसापासून मी तिला एकही पत्र लिहिलं नाही. काकूंचा राग काढायला माझ्याकडे कितीतरी माणसं होती, कितीतरी जागा होत्या. मी तो त्या एकीवर काढला जी आमच्या स्वयंपाकघरात पाय पसरून बसायची. हे कोणत्या शब्दांत लिहायचं ते मला जमलं नाही. काकूंचा द्वेष करायचं मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही. तो माझा आहे, कमावलेला आहे. पण त्याचा नेम चुकला, आणि तो चुकावा म्हणून मीच दारापर्यंत जाऊन परत आले होते.

इंटरनेटवाल्यानं नवी वायर जोडली, कॉम्प्युटर सुरू करून दिला, खुर्ची माझ्याकडे सरकवली. "कोणालेबी एक पत्र पाठवून पाहा मॅडम. बोट उचललं नाही का पोचते."

मी नंतर पाहीन म्हटलं. तो गेल्यावर कॉम्प्युटर बंद केला आणि कपाटातून कागद काढला. काटोलचा पत्ता मला पाठ आहे.

त्याला आता महिना होत आला. पत्राच्या चार ओळी लिहून झाल्या आहेत. त्यातल्या तीन अजून काकूंबद्दलच आहेत.